११ महिन्यांच्या शिह त्झूला लिव्हर शंट : शस्त्रक्रिया करावी की औषधांवर ठेवावे?

प्रश्न : शेंग्याची आई, जुळे सोलापूर

नमस्कार. आमच्या घरी शिह त्झू जातीचा ११ महिन्यांचा नर आहे. त्याचे नाव शेंग्या आणि वजन आजही जेमतेम ३ किलो २०० ग्रॅम. गेल्या आठवड्यात त्याला लिव्हर शंट, म्हणजे रक्त यकृताला वगळून आडवाटेने जाण्याचा दोष, असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून घरात कोणाचेच चित्त थाऱ्यावर नाही. थोडे सविस्तर लिहिते, कारण आता सगळा क्रम लावून पाहिल्यावर लक्षात येते की बहुतेक गोष्टी आमच्या डोळ्यांसमोरच घडत होत्या.

पिल्लू घेतले तेव्हा ते भावंडांत सर्वांत लहान होते. विकणाऱ्याने ते ‘टीकप’ आहे, मोठे झाले तरी ओंजळीत मावेल, असे सांगून वर चार पैसे जास्त घेतले आणि आम्हीही ते कौतुकाने दिले. पुढे त्याची वाढ खरोखरच खुंटली. खाणे नखऱ्याचे, मधूनच उलटी. पाणी मात्र सारखे प्यायचा आणि तितक्याच वेळा लघवी करायचा. ते मे महिन्याचे दिवस होते. सोलापुरात त्या दिवसांत माणसांच्या हातातलाही तांब्या सुटत नाही, म्हणून त्याचे काही वाटले नाही.

मग रविवारचा प्रकार सुरू झाला. आमच्याकडे रविवारी मटण असते आणि माझे सासरे, आप्पा, मसाला पडण्यापूर्वी बाजूला काढलेले अळणी पाणी आणि त्यातले चार तुकडे शेंग्याला स्वतःच्या हाताने भरवीत असत. संध्याकाळ झाली की शेंग्या लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरून कपाटाच्या पत्र्याला कपाळ टेकवून उभा राहायचा. हाक मारली तर कानही हलायचा नाही. तोंडातून लाळेची तार फरशीपर्यंत लोंबलेली असायची. बाहेर ओढून काढले तर तो खोलीत एकाच दिशेने चकरा मारायचा, मग निपचित झोपायचा आणि सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा पूर्वीसारखा व्हायचा. आम्ही म्हणायचो, रुसला आहे. माझा सहावीतला मुलगा तर त्या फटीला ‘शेंग्याचे कोपभवन’ म्हणत असे. हे आज लिहितानाही मला लाज वाटते.

श्रावणात आमच्या घरी मांसाहार बंद असतो आणि तो गणपती जाईपर्यंत बंदच राहतो. त्या सगळ्या दिवसांत शेंग्या एकदाही कोपभवनात गेला नाही. विसर्जनानंतरच्या पहिल्याच रविवारी मात्र रात्री त्याला मोठी फिट आली. ज्या डॉक्टरांकडे धावत नेले, त्यांनी मिरगी असल्याचे सांगून फेनोबार्बिटोन सुरू केले. त्या गोळीने तो इतका गुंगून पडू लागला की उठवून पाणी पाजावे लागे. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “त्या दिवशी याने काय खाल्ले होते?” तोपर्यंत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, आम्ही स्वतःलाही नाही.

रक्तात युरिया आणि अल्ब्युमिन कमी, लाल पेशी आकाराने लहान. बाइल ॲसिड (यकृताचे काम पाहणारी रक्तचाचणी) उपाशीपोटी ६८ आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी २१४ आले. सोनोग्राफीत यकृत लहान आहे, एक वेडीवाकडी रक्तवाहिनी असल्याचा संशय आहे आणि मूत्राशयात दोन बारीक खडे आहेत. आधीची गोळी त्यांनी हळूहळू कमी करत आणली असून आता लॅक्ट्युलोज (पोट साफ ठेवणारे सिरप), मेट्रोनिडॅझोल (जिवाणूंवरचे औषध) आणि लेव्हेटिरासिटाम (फिटचे औषध) सुरू आहे. पुण्याला किंवा मुंबईला नेऊन सीटी करा आणि त्यावरून शस्त्रक्रियेचे ठरवा, असा त्यांचा सल्ला आहे. फोनवर चौकशी केली, तर एकूण खर्च माझ्या जवळजवळ तीन पगारांएवढा होईल असे दिसते.

माझे प्रश्न असे आहेत. केवळ औषधांवर असा कुत्रा किती काळ आणि कसा जगतो? त्याला खायला नेमके काय द्यावे? आप्पांचे म्हणणे असे की मांस खाणाऱ्या जातीला वरण-भातावर ठेवणे म्हणजे उपाशी मारणेच. एका नातेवाईकांनी यकृताच्या टॉनिकची बाटली आणून दिली आहे, आणि दुसऱ्या एकांनी, मुलगा समोर बसलेला असताना, “इंजेक्शन देऊन मोकळे व्हा,” असे सांगितले. ज्यांनी हे प्रत्यक्ष निभावले आहे, त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

उत्तर १ : पगवाला, होटगी रस्ता

ताई, सर्वांत आधी त्या इंजेक्शनवाल्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा. आमच्या पगला दुसऱ्या वर्षी हेच निदान झाले. त्या वर्षी आईच्या आजारपणात घरातली सगळी शिल्लक गेली होती, त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचारही करता आला नाही. तो पुढे पाच वर्षे केवळ औषधे आणि पथ्य यांवर जगला. ती पाच वर्षे सारखी नव्हती. पहिली तीन चांगली गेली, चौथे ओढाताणीचे आणि पाचवे वाईट. हे दोन्ही सांगितले पाहिजे, नाहीतर अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल.

रोजच्या जगण्यात खरा मालक लॅक्ट्युलोज असतो. ते मधासारखे चिकट आणि गोड असते. सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने हळूहळू सोडावे लागते आणि निम्मे हनुवटीच्या केसांवर येते. पुसून घेतले नाही तर अर्ध्या तासात त्याच्या अंथरुणाला मुंग्यांची रांग लागते. मी शेवटी त्याच्या गळ्याभोवती जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा बांधूनच औषध देत असे. मात्रा बाटलीवर पाहून ठरत नाही, शी पाहून ठरते. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ, पण आकार धरणारी शी झाली तर मात्रा बरोबर, पाण्यासारखी झाली तर जास्त आणि एकदाच घट्ट झाली तर कमी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन गोष्टी लिहीत असे : किती वेळा शी झाली, काय खाल्ले आणि डोळे कसे वाटले. डोळे हा शब्द डॉक्टरांना हसू आणायचा, पण झटका येण्याआधी सात-आठ तास त्याची नजर आपल्या आरपार जाते. ती एकदा ओळखता आली की पुढचे पुष्कळ टळते.

मेट्रोनिडॅझोलची गोळी भयंकर कडू असते. चावली गेली तर तोंडाला फेस येतो आणि फिटच आली असे वाटून घरचे घाबरतात. पनीरच्या गोळीत दडवून द्या.

एक अनुभव मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या घरी सगळा दोष मटणावर गेला आहे. एकदा लग्नासाठी आम्ही तीन दिवस अक्कलकोटला होतो आणि पगला शेजाऱ्यांकडे ठेवले होते. त्यांनी मांसाचा कणही दिला नाही, परंतु लॅक्ट्युलोज ‘उगीच जुलाब होतात’ म्हणून बंद ठेवले. तीन दिवस पोट साफ झाले नाही आणि चौथ्या दिवशी तो भिंतीला डोके लावून उभा होता. तेव्हा बद्धकोष्ठ हाही मटणाइतकाच शत्रू समजा.

खाण्यात आम्ही मऊ भात, घरचे पनीर, उकडलेले अंडे, लाल भोपळा आणि थोडे तेल असे चार लहान वाट्यांत विभागून देत असू. एकदम पोटभर कधीच नाही. तरी हे आमच्या डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेले होते आणि वर कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूड होती. माझे प्रमाण उचलू नका. शेवटी त्यालाही खड्यांनी गाठले. त्या वेळी हातात पैसे होते, पण वेळ गेलेली होती. आज माझ्यापुढे तोच प्रसंग आला तर निदान सीटी करून शंट कुठे आहे एवढे तरी मी पाहून घेईन.

उत्तर २ : पशुवैद्य, मूळ सोलापूर, सध्या पुणे

नमस्कार. मी सोलापूरचाच असल्याने गावाकडच्याच उदाहरणाने सांगतो. उजनीचे पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शहरात येते. समजा, कोणी केंद्राच्या अलीकडेच जलवाहिनीला तोटी मारून दुसरी नळी थेट शहराच्या टाकीला जोडली, तर केंद्रातील यंत्रे ठणठणीत असूनही घराघरांत गढूळ पाणी येईल. शंटमध्ये हेच होते. आतड्यांतील रक्त पोर्टल शिरेने यकृतात जाऊन तेथे शुद्ध व्हायचे, ते आडवाटेने हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत मिसळते. प्रथिनांच्या पचनातून आतड्यातील जिवाणू जो अमोनिया तयार करतात, त्याचा यकृतात युरिया व्हायला हवा. तसा तो होत नाही, म्हणून रक्तात युरिया कमी आणि अमोनिया जास्त सापडतो. हा अमोनिया आणि त्याच्यासोबतची इतर विषारी द्रव्ये मेंदूवर परिणाम करतात, आणि तेच तुमच्या घरातले कोपभवन. मूत्राशयातील खडेही यातलेच आहेत. ते बहुधा अमोनियम युरेटचे असतात आणि साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाहीत, म्हणून सोनोग्राफीत सापडले हे बरे झाले.

तुमचा रविवार वैद्यकाच्या इतिहासात फार पूर्वी नोंदलेला आहे. निकोलाय एक या रशियन शल्यचिकित्सकाने १८७७ मध्ये कुत्र्यांत पोर्टल शीर मुद्दाम महाशिरेला जोडून पाहिली. पुढे १८९३ मध्ये पाव्हलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांचा अभ्यास केला, तेव्हा मांस खाल्ल्यावर ते भेलकांडत चालतात, त्यांना दिसेनासे होते आणि झटके येतात, असे आढळले. त्याला त्यांनी मांसाची विषबाधा असेच नाव दिले होते. तेव्हा आप्पांना दोष देऊ नका. त्यांच्या अळणीमुळेच रोगाचा माग लागला.

टॉनिकबद्दल स्पष्ट सांगतो. शेंग्याचे यकृत मूळचे आजारी नाही, ते उपाशी आहे. पोर्टल शिरेतून येणाऱ्या रक्ताबरोबर जे पोषण मिळायचे ते न मिळाल्याने ते लहान राहिले आहे. कोणत्याही बाटलीतले औषध ती आडवाट बुजवू शकत नाही. काही पूरक औषधे डॉक्टर देतात, पण ती मूळ उपचाराला जोड म्हणून. घरच्या घरी सुरू करू नका.

आहाराविषयी सर्वांत मोठी चूक अशी होते की घाबरून प्रथिने पूर्णच बंद केली जातात. वाढत्या पिल्लाला प्रथिने लागतातच, आणि स्नायू झिजले तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण अमोनिया निकामी करण्याचे काही काम स्नायूही करतात. प्रश्न प्रमाणाचा आणि प्रकाराचा आहे. लाल मांसापेक्षा दूध, अंडी आणि सोयाबीन यांतील प्रथिने अशा कुत्र्यांना अधिक सोसतात. यकृतासाठी बनवलेले तयार खाद्यही मिळते आणि ज्यांना रोज मोजमाप जमणार नाही त्यांच्यासाठी तेच सुरक्षित आहे. आप्पांना एवढेच सांगा की पनीर आणि अंडे ही प्रथिनेच आहेत, उपास नव्हे.

आता शस्त्रक्रिया. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग, शिह त्झू अशा लहान जातींत जन्मजात शंट बहुधा यकृताच्या बाहेर आणि एकच असतो, आणि शस्त्रक्रियेसाठी ही सर्वांत अनुकूल स्थिती आहे. मोठ्या जातींत तो बहुधा यकृताच्या आत असतो व काम अवघड होते. ब्रिटनमधील १२४ कुत्र्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ९७ कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाली होती आणि २७ औषधांवर होते. शस्त्रक्रिया झालेले स्पष्टपणे अधिक जगले आणि त्यांना त्रासही कमी झाला. त्याच अभ्यासात निदानाच्या वेळचे वय आणि आयुष्यमान यांचा संबंध आढळला नाही, म्हणून चार-सहा आठवडे औषधे व पथ्याने प्रकृती सावरून मग नेलेत तरी काही बिघडत नाही. उलट, अशक्त कुत्र्याला घाईने टेबलावर घेणे मला पटत नाही.

परंतु आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारे सीटी स्कॅन, हवी, आणि हा खर्च मला वायफळ वाटत नाही. लहान जातींत यकृतातील सूक्ष्म वाहिन्यांचा एक जन्मदोष असतो, त्यातही बाइल ॲसिड वाढते, पण बुजवायला वाहिनीच नसते. दुसऱ्या प्रकारात जुनाट यकृतरोगामुळे दाब वाढून अनेक लहान शंट नंतर तयार होतात, आणि ते बांधणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. २१४ हा आकडा आणि संशयित वाहिनी पाहता शेंग्याला जन्मजात शंट असण्याचीच शक्यता अधिक आहे, तरी ती कोठून निघते व कोठे मिळते हे शल्यचिकित्सकाला आधी दिसले पाहिजे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयात सीटीची सोय आहे. पुण्यातील पर्याय तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. कोठेही गेलात तरी एकच प्रश्न आडपडदा न ठेवता विचारा : “शंटच्या किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केल्या आहेत?” चांगल्या शल्यचिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

तातडीच्या प्रसंगासाठी काही गोष्टी. गुंगीत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. या कुत्र्यांची साखर पटकन उतरते, म्हणून हिरड्यांना बोटाने थोडासा मध चोळून थेट दवाखाना गाठा. तेथे लॅक्ट्युलोजचा एनिमा देता येतो. काळी, डांबरासारखी शी दिसली तर त्याच दिवशी दाखवा. पोटातला रक्तस्राव आतड्यासाठी मांसाहारासारखाच असतो, आणि या रोगात जठराला व्रण होऊ शकतात. माणसांची साखरविरहित सिरप वापरण्याआधी त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे वाचा. ते कुत्र्यांना मारक आहे. फिटचे औषध मात्र एक वेळही चुकवू नका. लेव्हेटिरासिटामची साधी गोळी शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून ती आठ-आठ तासांनीच द्यावी लागते.

प्रश्नकर्ती : शेंग्याची आई

सर्वांचे मनापासून आभार. पाकणीचे उदाहरण मी आप्पांना वाचून दाखवले. ते निवृत्त होईपर्यंत नळजोडणीचीच कामे करीत असत, त्यामुळे त्यांना ते माझ्याआधी कळले. त्यांनी लगेच विचारले, “मग ती चोरनळी एकदम बंद केली, तर सगळा दाब जुन्या पाइपावर येऊन तो फुटणार नाही का?” मला उत्तर देता आले नाही. शिवाय दिवाळी तोंडावर आहे. फटाक्यांना तो फार घाबरतो. झोपेची गोळी चालेल का? आणि प्रवास रेल्वेने करावा की गाडीने?

उत्तर ३ : माल्टीजची ताई, विजापूर रस्ता

आप्पांचा प्रश्न ऐकून आमच्या शल्यचिकित्सकांची आठवण झाली, कारण त्यांनी कागदावर चित्र काढून नेमके हेच समजावले होते. एकदम बंद केली तर पोटातल्या शिरांत दाब चढतो, पोटात पाणी भरते आणि कुत्रे दगावू शकते. म्हणून शंटभोवती एक बारीक कडे बसवतात. बाहेरून धातू आणि आतून दुधातल्या केसिन या प्रथिनाचे. ते केसिन शरीरातील ओलावा शोषून फुगत जाते आणि चार-पाच आठवड्यांत वाहिनी आपोआप आवळली जाते. तोवर अरुंद राहिलेली पोर्टल शीर हळूहळू रक्त सोसायला शिकते. काही ठिकाणी कड्याऐवजी सेलोफेनची पट्टी गुंडाळतात. तिच्याभोवती व्रणासारखी ऊती वाढून तसाच परिणाम होतो.

आमच्या माल्टीजला कडे बसवले, त्याला आता तीन वर्षे होतील. खडेही त्याच वेळी काढले. ते त्यांनी बाटलीत घालून दिले, मोहरीएवढे, हिरवट तपकिरी. पहिले तीन दिवस मी मुलाच्या बारावीच्या निकालालाही इतके देव पाण्यात ठेवले नव्हते, कारण शस्त्रक्रिया उत्तम होऊनही त्या दिवसांत झटके येऊ शकतात आणि ते आवरणे कठीण असते, हे आम्हाला आधीच सांगितलेले होते. तसे झाले नाही. पाचव्या दिवशी पोट किंचित फुगले, पुन्हा दाखवले, आणि आठवड्याभरात ते उतरले. घरी आल्यावर औषधे आणि पथ्य लगेच सुटत नाही. कडे आवळेपर्यंत सगळे पूर्वीसारखेच चालू ठेवायचे असते. तीन महिन्यांनी बाइल ॲसिड पुन्हा तपासले, तर आकडा खूप उतरला होता, तरी प्रकृत मर्यादेच्या थोडा वरच होता आणि आजही तसाच आहे. त्याची मला वर्षभर धास्ती वाटली. कुत्रे मात्र वजनाने वाढले, पायरीवरून उड्या मारते, तेव्हा आकड्याकडे बघणे मी सोडून दिले.

प्रवास गाडीनेच करा. रेल्वेत कुत्र्याला जवळ ठेवायचे तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीतर ते गार्डच्या डब्यातील पेटीत जाते, आणि झटके येणाऱ्या कुत्र्याला नजरेआड ठेवणे योग्य नाही. पुणे अडीचशे किलोमीटर आहे. आम्ही पहाटे तीनला निघालो, टेंभुर्णी आणि भिगवणला थांबून दोन-दोन घास दिले. इतक्या लहान जिवाला लांब उपाशी ठेवू नका.

उत्तर ४ : पशुवैद्य, पुणे

आप्पांनी विचारलेला प्रश्न माझ्या विद्यार्थिदशेत परीक्षेत आला होता, आणि वरच्या ताईंनी दिलेले उत्तर पूर्ण गुणांचे आहे.

दिवाळीसाठी झोपेची गोळी मुळीच नको. बहुतेक गुंगीच्या औषधांचा निचरा यकृतातूनच होतो, शेंग्यात तो होणार नाही आणि गुंगी रोगाची की गोळीची हे कोणालाच सांगता येणार नाही. घरातली आतली खोली, बंद खिडक्या, पंखा आणि मुलाची सोबत, एवढे पुरे. फराळापासून मात्र सांभाळा. लाडवातले बेदाणे कोणत्याही कुत्र्याला घातक असतात आणि चिवड्यातला लसूणही नको. अंगदुखीवरची माणसांची कोणतीही गोळी देऊ नका. जंताचे किंवा गोचिडीचे औषध द्यायची वेळ आली तर शंटचा उल्लेख आधी करा.

आणखी एक. शस्त्रक्रियेच्या वेळीच त्याचे निर्बीजीकरण करून घ्या आणि ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांना हे निदान लेखी कळवा. या दोषात आनुवंशिकतेचा भाग आहे. तीच जोडी पुन्हा लावली तर आणखी एखादा ‘टीकप’ कोणाच्या तरी घरी जाईल.

प्रश्नकर्ती : शेंग्याची आई

विकणाऱ्याला कळवले. त्याने फोन ठेवून दिला. मी तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आहे.

सीटीची तारीख दिवाळीनंतरच्या मंगळवारची मिळाली. भूल द्यायची असल्याने आदल्या रात्रीपासून किती तास उपाशी ठेवायचे आणि सकाळची लेव्हेटिरासिटामची गोळी द्यायची की नाही, हे दोन्ही त्यांच्याकडून लिहून घेतले. गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची आहे आणि उपासाचे तास त्याच्या वजनामुळे कमी ठेवले आहेत. खर्चाचा निम्मा भार आप्पांनी उचलला. मुलाने कॅलेंडरवर तीन रकाने आखले असून ‘डोळे’ हा रकाना तो कोणालाच भरू देत नाही. गेल्या नऊ दिवसांत त्याने त्यात नऊ वेळा ‘इथेच आहे’ असे लिहिले आहे.

काल रविवार होता. मटण झाले. आप्पा आपले ताट घेऊन गच्चीवर गेले, जिन्याचे दार आतून लावून जेवले आणि हात साबणाने दोनदा धुऊन मगच खाली आले. शेंग्याने तरीही त्यांची बोटे बराच वेळ हुंगली.